टी टाइप थर्मोकपल दिवसा −२७ आणि रात्री −१८ दाखवतंय, रूम तीच आहे, चूक नक्की कुठे?

शीतगृह_तुर्भे

नमस्कार मंडळी. तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्स बघतो. मटार, कॉर्न, थोडी मासळी असा सगळा फ्रोझन माल, रूम −१८ ला ठेवायची असते. कॉम्प्रेसरचं कंट्रोल वेगळ्या सेन्सरवर आहे आणि ते व्यवस्थित चालतंय. त्रास आहे रेकॉर्डच्या लॉगरचा, म्हणजे टेम्परेचर नोंदवून ग्राफ काढणाऱ्या यंत्राचा, त्याला टी टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) लावलेलं आहे आणि गेला महिनाभर त्याने झोप उडवलीय.

झालं असं की एप्रिलच्या शेवटी उंदरांनी केबल कुरतडली. रूममधून बाहेर येणारी पहिली सहा मीटर चांगली होती, ती लोडिंग पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्सपर्यंत येते, तिथून पुढे पॅनल रूमपर्यंत २४ मीटर खराब झाली होती. वायरमनने ती काढली आणि तिच्या जागी १ स्क्वेअर एमएमची साधी दोन कोअर कॉपर फ्लेक्सिबल ओढून दिली. मी विचारलं की चालेल का, तर म्हणाला टी टाइपची एक तार तांब्याचीच असते, मग तांबं लावलं तर बिघडतंय काय. मलाही तेव्हा पटलं.

तेव्हापासून रात्री लॉगर −१८, −१९ असं नीट दाखवतो, सकाळी दहानंतर आकडा खाली सरकायला लागतो आणि दुपारी −२७ पर्यंत जातो. कॅलिब्रेट केलेला हातातला प्रोब आत नेऊन बघितलं, दुपारीसुद्धा −१८ च. माल घेणाऱ्या पार्टीचा क्वालिटीवाला ग्राफ मागतो आणि त्याला रोज ही दरी दिसते. थर्मोकपल गेलंय का लॉगर?

अजून एक, मनात अडकलेला प्रश्न. टी टाइपची दुसरी तार कॉन्स्टन्टनची असते ना, आणि बारावीला शिकवलं होतं की कॉन्स्टन्टन म्हणजे टेम्परेचरने न बदलणारा धातू, म्हणून मीटर ब्रिजची वायर त्याची असते. मग जो धातू टेम्परेचरने बदलतच नाही त्याने टेम्परेचर मोजतात कसं?

ऐरोली_एसी

लॉगरच्या सेटिंगमध्ये ऑफसेट असतो बघा, सध्या +९ टाका, ग्राफ जागेवर येईल. नंतर सवडीने पीटी-१०० (प्लॅटिनमचा रेझिस्टन्सवर चालणारा सेन्सर) लावून टाका, तीन वायरचं घ्या, साधी कॉपर केबल चालते, थर्मोकपलची कटकटच नको.

वागळे_पॅनलवाला

ऑफसेट टाकू नका हो, हात जोडून सांगतो. दिवसा फरक नऊचा आणि रात्री शून्य, म्हणजे +९ टाकलंत की रात्री रूम −१८ असताना रेकॉर्डवर −९ येणार. आणि आत्ता ऑफसेट नसताना काय होतंय तेही बघा, दुपारी रूम खरोखर −९ वर आली तरी लॉगर −१८ दाखवेल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. माल मऊ पडला तरी कागदावर सगळं ठीक. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे म्हणून पहिल्यांदा हे लिहितोय.

थर्मोकपल चांगलं आहे, लॉगरपण चांगला आहे. चूक त्या २४ मीटर कॉपरमध्ये आहे.

थर्मोकपलचं व्होल्टेज टोकाच्या वेल्डच्या मण्यात तयार होतं असं आपण सगळेच धरून चालतो, तसं नसतं. ते तारेच्या लांबीत तयार होतं, जिथे जिथे तार एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड आहे तिथे तिथे थोडं थोडं. तांबं आणि कॉन्स्टन्टन यांची जोडी असली की दोघांतला फरक रूम टेम्परेचरच्या आसपास एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट पडतो. दोन्ही तारा एकाच धातूच्या असल्या तर दोन्हीत सारखंच व्होल्टेज होतं आणि फरक शून्य, म्हणजे तेवढ्या लांबीत काहीच मोजलं जात नाही.

आता तुमच्याकडे रूमपासून जंक्शन बॉक्सपर्यंत खरी जोडी आहे आणि बॉक्सपासून लॉगरपर्यंत दोन्ही तारा तांब्याच्या. वायरमनचं अर्धं बरोबर होतं. तांब्याला तांबं जोडलंय ती तार अगदी ठीक आहे. पण कॉन्स्टन्टनला बॉक्समध्ये तांबं जोडलं तिथे मोजमाप संपलं. लॉगरला हे कळायला काही मार्ग नाही, तो स्वतःच्या टर्मिनलजवळचं टेम्परेचर बघतो आणि तेवढ्याचे मिलिव्होल्ट हिशोबात मिळवतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे कोल्ड जंक्शन, म्हणजे जिथे थर्मोकपलची जोडी संपते तो जोड, त्याच्यापाशी आहे. खरं कोल्ड जंक्शन मात्र पॅसेजमधल्या बॉक्समध्ये बसलंय. बॉक्स आणि पॅनल रूम यांचं टेम्परेचर सारखं असलं की आकडा बरोबर येतो. बॉक्स गरम आणि पॅनल रूम थंड झाली की तेवढा आकडा खाली जातो.

रात्री ठीक आणि दिवसा बिघडतं याचं कारण हेच असणार, दिवसा पॅसेज तापतो आणि तुमच्या पॅनल रूममध्ये बहुतेक ऑफिसच्या वेळेत एसी लावत असतील. मी न बघता अंदाज सांगतो, दुपारी बॉक्स पॅनल रूमपेक्षा आठ डिग्रीने गरम निघेल. नऊ नाही, आठ. कारण टी टाइप शून्याच्या खाली थोडं मंद होतं, −२० च्या आसपास डिग्रीला ३७ मायक्रोव्होल्टच्या जवळपास देतं आणि ३० ला ४१ च्या वर, त्यामुळे वरची आठ डिग्रीची चूक खाली नऊ होऊन दिसते.

खात्री करायची तर तीन गोष्टी करा. लॉगरच्या इनपुटवर थर्मोकपल काढून तांब्याच्या तुकड्याने शॉर्ट करा, पॅनल रूमचं टेम्परेचर दिसलं पाहिजे, दिसलं तर लॉगर बरा आहे. मग परत जोडा आणि जंक्शन बॉक्स उघडून त्यावर हेअर ड्रायर मारा. केबल बरोबर असेल तर आकडा हलणार नाही, चुकीची असेल तर रूमला हात न लावता आकडा पळायला लागेल. तिसरं म्हणजे लॉगरकडून केबल सोडवून मल्टीमीटरने पूर्ण लूपचा रेझिस्टन्स घ्या. कॉन्स्टन्टनचा रेझिस्टन्स तांब्याच्या जवळजवळ २८ पट असतो, ०.५ एमएम जाडीच्या तारेला मीटरला अडीच ओहम धरा. सगळी ३० मीटर खरी जोडी असेल तर ७५ च्या वर काहीतरी यायला हवं. मीटरची पिनं उलटसुलट करून दोनदा घ्या आणि सरासरी काढा, कारण थर्मोकपलचे स्वतःचे मिलिव्होल्ट ओहमच्या आकड्यात घुसतात.

पीटी-१०० बद्दल, सल्ला चुकीचा नाही, कोल्ड रूमला छान चालतं. पण प्रोब, लॉगरचं इनपुट आणि केबल तिन्ही बदलायला लागतील. २४ मीटर केबलच्या चुकीसाठी चांगला चालणारा सेन्सर काढायची गरज नाही. टी टाइप या कामाला मुद्दाम निवडलेलं असतं, ओलाव्यात टिकतं, जे टाइपचं लोखंड तिथे गंजून गेलं असतं, आणि के टाइपच्या (दुसऱ्या धातूंच्या जोडीच्या) क्लास २ मध्ये चुकीला सूट ±२.५ डिग्रीची आहे तिथे टी टाइपच्या क्लास २ ला ±१ ची.

शीतगृह_तुर्भे

सर, दुपारी सव्वादोनला सगळं करून बघितलं. पॅसेजमधला बॉक्स ३४, पॅनल रूम २६. बरोबर आठ! एसीचंही बरोबर, संध्याकाळी सातला ऑफिसवाले बंद करून जातात, रात्री दोन्हीकडे २९ च्या आसपास असतं.

इनपुट शॉर्ट केल्यावर २६.४ दाखवलं. ड्रायर मारला तर दोन मिनिटांत आकडा −२७ वरून −४८ वर गेला. मी तिथे बॉक्स गरम करतोय आणि रूम आणखी थंड झाल्यासारखी दिसतेय, शेजारी उभा असलेला ऑपरेटर बघतच राहिला. लूप एका बाजूने १८.३ आणि उलट करून १४.३ ओहम, म्हणजे सरासरी १६.३. तुमच्या हिशोबाने सहा मीटर कॉन्स्टन्टनचे १५ आणि बाकी सगळं तांबं. जुळलं.

आता केबल कुठली मागवू? आणि तो कॉन्स्टन्टनचा प्रश्न राहिलाच.

लॅबताई_ठाणे

तुमचा तो राहिलेला प्रश्न मी घेते, ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि हा प्रश्न मुलांनी विचारावा असं मला दरवर्षी वाटायचं, क्वचितच कोणी विचारायचं.

कॉन्स्टन्टन हे नाव पडलंय त्याच्या रेझिस्टन्सवरून. तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, २० वरून ७० डिग्रीला नेलं तर जवळजवळ २० टक्के फरक. कॉन्स्टन्टनचा तेवढ्याच टप्प्यात ०.१५ टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणून मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, रेझिस्टन्स बॉक्स यांत ते किंवा मँगॅनिन वापरतात, नाहीतर वायर थोडी तापली की सगळं रीडिंग सरकेल. पण थर्मोकपलमध्ये आपण रेझिस्टन्स मोजतच नाही, व्होल्टेज मोजतो. तारेचं एक टोक गरम केलं की आतले इलेक्ट्रॉन थोडे सरकतात आणि दोन टोकांत व्होल्टेजचा फरक येतो, हा गुण वेगळा आहे आणि तो कॉन्स्टन्टनमध्ये भरपूर आहे. झेबेकने १८२१ मध्ये दोन वेगळ्या धातूंच्या कड्याचा एक जोड गरम केला आणि जवळची होकायंत्राची सुई हलली, त्याला वाटलं हा चुंबकत्वाचा प्रकार आहे, खरं तर कड्यातून करंट वाहत होता. म्हणजे एकाच तारेचा एक गुण टेम्परेचरला दाद देत नाही आणि दुसरा गुण टेम्परेचरवरच चालतो. यात विरोध काही नाही, दोन वेगळी मापं आहेत.

आता ५५ टक्के तांबं आणि ४५ टक्के निकेल असंच का, तर तांबं आणि निकेल हे आवर्तसारणीत शेजारी, २८ आणि २९, अणूंचा आकार जवळजवळ सारखा, त्यामुळे कुठल्याही प्रमाणात एकमेकांत पूर्ण मिसळतात. शुद्ध तांब्यात इलेक्ट्रॉनला वाट मोकळी असते, निकेलचे अणू इथेतिथे बसले की वाटेत अडथळे येतात, हे अडथळे टेम्परेचरमुळे आलेले नसतात, कायमचेच असतात, म्हणून रेझिस्टन्स खूप वाढतो पण टेम्परेचरबरोबर फारसा हलत नाही. पूर्ण सपाट व्हायला निकेलची स्वतःची इलेक्ट्रॉनची रचनाही हातभार लावते. प्रमाण बदललं की माल बदलतो. पूर्वीचं दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं आठवतंय का, ते याच घराण्यातलं, ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल, त्याला मॅग्नेट लागत नाही. ९०/१० आणि ७०/३० चे पाइप समुद्राच्या पाण्याच्या कंडेन्सरमध्ये वापरतात. जर्मन सिल्व्हरची भांडी घरात असतील तर त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

जर्मन सिल्व्हरचा उल्लेख उगाच केला नाही. आधीच्या काळात रेझिस्टन्स कॉइल त्याच्याच करायचे आणि ते टेम्परेचरने सरकायचं म्हणून मोजमापवाले वैतागलेले होते. एडवर्ड वेस्टन नावाचा इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला माणूस मिश्रधातू करून करून बघत होता, १८८७ च्या सुमारास त्याला हा तांबं-निकेलचा मिळाला, त्याने त्याला नुसतं अलॉय नंबर दोन म्हटलं, कॉन्स्टन्टन हे नाव पुढे जर्मनीत पडलं. पण त्याला लगेच खटकलं ते हेच, जे तुमच्या जंक्शन बॉक्समध्ये झालं. तांब्याच्या टर्मिनलला हा जोडला की जोडावर थर्मोकपल तयार होतं, आणि बारीक डीसी मोजताना तो ४० मायक्रोव्होल्टचा भाग मापात मिसळतो. म्हणून १८९२ मध्ये त्याने मँगॅनिन केलं, ८४ ते ८६ टक्के तांबं, १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल. त्याचा रेझिस्टन्सही सपाट, आणि तांब्याशी जोडल्यावर डिग्रीला एक-दोन मायक्रोव्होल्टच्या आसपासच.

मी मुलांना मीटर ब्रिजवर सेलची दिशा उलटी करून दुसरं रीडिंग घ्यायला लावायची, त्यांना वाटायचं बाई उगाच काम वाढवतात. करंट उलटा केला की जोडावरचं थर्मो व्होल्टेज उलटत नाही, त्यामुळे दोन रीडिंगची सरासरी काढली की ते निघून जातं. तुम्ही मल्टीमीटरची पिनं उलटी करून १८.३ आणि १४.३ काढलेत ना, तंतोतंत तेच केलंत. वाचून फार बरं वाटलं.

वागळे_पॅनलवाला

ताईंनी मँगॅनिनचं लिहिलं म्हणून एक जोडतो, आमच्या रोजच्या कामातलं आहे. डीसी पॅनलला ७५ मिलिव्होल्टचे शंट, म्हणजे करंट मोजायच्या रेझिस्टन्सच्या पट्ट्या, लागतात, बॅटरी चार्जर, सोलर, प्लेटिंगचे रेक्टिफायर. मध्ये एकाने स्वस्तात शंट आणून दिले, दिसायला तसेच, पट्ट्या कॉन्स्टन्टनच्या निघाल्या. एसी करंटला लावले असते तर काही बिघडलं नसतं, पण डीसीत शंटचं एक टोक दुसऱ्यापेक्षा पाच डिग्री गरम असलं, एका बाजूला बसबार जाड आणि दुसऱ्या बाजूला लग ढिला असला की एवढा फरक सहज पडतो, तर ०.२ मिलिव्होल्ट फुकटचे येतात. ७५ मध्ये ०.२ म्हणजे पाव टक्का, पूर्ण लोडला चालून जाईल, पण दहा टक्के लोडला शंटवर साडेसातच मिलिव्होल्ट असतात आणि तिथे हीच चूक पावणेतीन टक्के होते. गिऱ्हाईक म्हणतं मीटर खराब, आपण मीटर बदलतो, फरक तसाच. दोन्ही टोकं सारखी तापली तर दोन जोडांचं एकमेकांत वजा होऊन जातं, म्हणून बेंचवर टेस्ट करताना सापडलंच नाही, साइटवर तीन चकरा झाल्यावर सापडलं. तेव्हापासून डीसी शंट घेताना मँगॅनिनचा आहे का हे लेखी घेतो.

केबलसाठी टी टाइप एक्स्टेंशन, म्हणजे त्याच दोन धातूंच्या तारांची केबल, मागा, टी टाइप असं स्पष्ट सांगा, नुसतं कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणालात तर के टाइपची हातात येऊ शकते, तीच जास्त खपते. शक्य असेल तर बॉक्समध्ये जोड न ठेवता सलग ओढा. जोड ठेवायचा असेल तर साधी पितळी कनेक्टर पट्टी चालते, पितळ मध्ये आलं तरी त्याच्या दोन्ही बाजू एकाच टेम्परेचरला असल्या की त्याचा परिणाम शून्य. बॉक्स फक्त इव्हॅपोरेटरच्या पंख्यासमोर किंवा पत्र्याला चिकटून नको.

रबाळे_मोल्डिंग

केबल येईल तेव्हा रंगांकडे नीट बघा भाऊ, मी यात जबरदस्त मार खाल्लाय. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, आमच्याकडे जे टाइप, म्हणजे लोखंड आणि कॉन्स्टन्टन. तेव्हा कामाला लागून दोन महिने झाले होते, बॅरलच्या एका झोनचं थर्मोकपल बदलायला सांगितलं, केबल अमेरिकन रंगाची होती, पांढरी आणि लाल. मी लाल प्लसला लावली, लाल म्हणजे प्लस हेच डोक्यात. अमेरिकन पद्धतीत थर्मोकपलची लाल नेहमी मायनस असते. मशीन चालू केलं, झोन तापतोय तसा आकडा खाली जातोय, कंट्रोलरला वाटतंय थंड आहे म्हणून तो हीटर बंदच करत नाहीये. धूर आला तेव्हा मेन बंद केला. मटेरियल जळून बॅरलला चिकटलं, स्क्रू बाहेर काढून साफ करायला दीड दिवस गेला. सुपरवायझरने एक शब्द ओरडा दिला नाही, फक्त मॅग्नेट हातात दिला आणि म्हणाला जे टाइपमध्ये ज्या तारेला हा चिकटेल ती प्लस, रंग विसर. लोखंड चिकटतं, कॉन्स्टन्टन चिकटत नाही.

टी टाइपचे रंग अमेरिकन म्हणजे निळी प्लस आणि लाल मायनस. आयईसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचे, तपकिरी प्लस आणि पांढरी मायनस. आणि जुन्या ब्रिटिश रंगात पांढरी प्लस आणि निळी मायनस, म्हणजे बाकी दोन्हींच्या बरोबर उलट. जुन्या फॅक्टऱ्यांत ही अजून सापडते. तुमच्या टी टाइपला मॅग्नेटचा उपयोग नाही, दोन्ही तारा चिकटत नाहीत, पण तुम्हाला त्याहून सोपं आहे. इन्सुलेशन सोला, ब्लेडने जरा खरवडा, तांबडी निघाली ती प्लस, रुपेरी-राखाडी निघाली ती मायनस.

दोन्ही टोकांना उलट लागली तर आकडा उलट्या दिशेला पळत नाही, म्हणून पकडायला अवघड जाते. तुमच्याच आकड्यांनी सांगतो, बॉक्स ३४ आणि पॅनल २६ असताना साध्या तांब्याने −२७ आलं ना, उलट्या केबलने −३६ येईल. चूक दुप्पट.

कळंबोली_काटा

वजनकाट्याच्या लाइनमधला आहे, कळंबोलीला लोखंड बाजारात ट्रकचे काटे बघतो. आमच्या लोडसेलच्या, म्हणजे वजनाच्या सेन्सरच्या, आतपण हेच कॉन्स्टन्टन आहे, स्ट्रेन गेजची फॉइल त्याचीच असते. ताण आला की किंचित लांबते आणि रेझिस्टन्स बदलतो, गेज फॅक्टर साधारण २, आणि टेम्परेचरने फारसा हलत नाही म्हणून तर घेतलीय. लोडसेल व्होल्टला २ मिलिव्होल्ट देतो, १० व्होल्ट सप्लायवर पूर्ण लोडला २० मिलिव्होल्ट. तिथेही फॉइलला तांब्याची लीड जोडली की तेच ४० मायक्रोव्होल्ट. दोन जोडांत एका डिग्रीचा फरक पडला तर २० मिलिव्होल्टमध्ये ०.२ टक्के, ५० टनाच्या काट्यावर १०० किलो. म्हणून दोन्ही जोड अगदी जवळ जवळ ठेवतात आणि पूर्ण ब्रिज करतात, म्हणजे सगळे सारखेच तापावेत. हे वरचं वाचेपर्यंत मला माहीतच नव्हतं की ते जोड जवळ का ठेवलेले असतात, आजवर नुसतं बघत आलो.

ऐरोली_एसी

मी ऑफसेट सांगितला होता, चुकलं माझं. एसीच्या कामात सगळे एनटीसी (टेम्परेचरने रेझिस्टन्स बदलणारे सेन्सर) असतात, केबल कुठलीही लांबवली तरी फारसं बिघडत नाही, त्या सवयीने बोललो. पॅनलवाले सर, बॉक्समध्येच ४-२० मिलिअॅम्पचा ट्रान्समीटर बसवला तर पुढे साधी कॉपर चालेल ना?

वागळे_पॅनलवाला

चालेल, अगदी बरोबर. मग कोल्ड जंक्शन ट्रान्समीटरच्या आत मोजलं जातं आणि पुढे करंट जातो, त्याला केबलच्या धातूचं काही देणंघेणं नाही. १०० मीटर लांब असतं तर मी तेच सुचवलं असतं. २४ मीटरला केबलच स्वस्त पडेल, शिवाय पॅसेजमध्ये एक नवीन इलेक्ट्रॉनिक वस्तू ओलाव्यात सांभाळायला नको.

शीतगृह_तुर्भे

नऊ दिवसांनी लिहितोय, केबल यायला वेळ लागला. टी टाइप एक्स्टेंशन मागितली होती, आली ती निळी-लाल, आमच्या प्रोबची जुनी तपकिरी-पांढरी. रबाळेवाल्या भाऊंनी लिहिलं नसतं तर वायरमनने लाल प्लसलाच लावली असती, तो तसंच करायला निघाला होता. चारही टोकं खरवडून बघितली, तांबड्याला तांबडी आणि रुपेरीला रुपेरी.

लूप आता ७७ ते ७८ ओहम. ड्रायर मारला, बॉक्स हाताला चटका बसेल इतका तापवला, आकडा −१८.२ वरून −१८.४ झाला आणि परत आला. मग प्रोब बाहेर काढून थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी घालून बुडवला, पंधरा मिनिटांनी ०.३. आज सलग तिसरी दुपार आहे, ग्राफ सरळ रेषेत आहे.

महिन्याभराच्या चुकीच्या रेकॉर्डचं मी पार्टीला स्वतःच कळवलं. कंट्रोलरच्या सेन्सरचं वेगळं रीडिंग होतं, प्रत्येक शिफ्टच्या हाताने लिहिलेल्या नोंदी होत्या, आणि केबलची चूक आकड्यांनिशी समजावून सांगितली, बॉक्स ३४ पॅनल २६ वगैरे. क्वालिटीवाल्याने सगळं तपासलं आणि माल मान्य केला, पण लॉगर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून केबलसकट कॅलिब्रेट करून घ्या म्हणाला, ते पुढच्या आठवड्यात आहे. वायरमनला बसवून ड्रायरचा प्रयोग आधीच्या केबलवर परत करून दाखवला, तो म्हणाला आता आयुष्यात विसरणार नाही.

बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवलंय, टी टाइप आहे, साधी वायर जोडू नये, लाल मायनस.

वागळे_पॅनलवाला

उत्तम. केबल जीआय फ्लेक्सिबल पाइपमधून न्या आणि दोन्ही टोकांचे ग्लँड नीट आवळा, उंदीर परत तिथेच येतात. कॅलिब्रेशनला देताना −१८ चा पॉइंट मागून घ्या, नाहीतर लॅबवाले ०, ५० आणि १०० ला करून देतात.